महाराष्ट्रांतील विद्यापीठें व शेतकऱ्यांचीं मुलें

बारावीचा निकाल आणि खरिपाची पेरणी या दोन गोष्टी शेतकऱ्याच्या घरीं पाठोपाठ येतात. बियाण्याला व खताला पैसा हवा असतो आणि त्याच वेळीं मुलाला अगर मुलीला कॉलेजांत घालावयाचें असतें. ज्यांच्याजवळ रोकड नसते ते बँकेकडे किंवा पतपेढीकडे वळतात. कांहीं घरांतून एकर-दीड एकर विकूनच हा प्रश्न सोडविला जातो. शिक्षणावर खर्च करूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. पण बैल घेतांना दांत पाहणारा आणि बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी वाचून पाहणारा आमचा शेतकरी, कॉलेज निवडतांना मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावर किंवा रस्त्यावरच्या पाटीवर विसंबतो, हें बरें नव्हे. आपल्या राज्यांतील विद्यापीठांची रचना कशी आहे, त्यांत शेतकऱ्याच्या उपयोगाचें काय आहे आणि पैसे भरण्यापूर्वीं काय पाहावें, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नागपुरास दक्षिणेकडे, वर्धा रस्त्याच्या बाजूस, रेल्वेरुळांच्या पलीकडे मनीषनगर म्हणून मोठी वस्ती आहे. शहर जसजसें बेशाच्या दिशेनें वाढत गेलें तसतशी या बाजूची शेतजमीन घरांखालीं गेली. आज येथें खोल्या करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांत विदर्भाच्या खेड्यांतून आलेलीं मुलें पुष्कळ आहेत. येथून वर्धा रस्त्यानें दक्षिणेस गेलें असतां पांजरीस केंद्रीय कापूस संशोधन संस्था लागते. त्याच बाजूस मिहानमध्यें एम्स व आयआयएम या संस्था आहेत. उत्तरेस शहरांत गेलें तर महाराजबागेजवळ जुनें शेतकी कॉलेज आहे. कापसावर संशोधन करणारी संस्था, डॉक्टर तयार करणारी संस्था आणि शेतीची पदवी देणारें कॉलेज हीं सर्व मनीषनगरांतील विद्यार्थ्याच्या आटोक्यांत आहेत. तरीही त्याच्या वडिलांस त्यांतील भेद ठाऊक नसतो.

नागपूरच्या कॉलेजांची मूळपीठिका

नागपुरास उच्च शिक्षण नवें नाहीं. मॉरिस कॉलेज १८८५ सालीं निघालें. येथील कॉलेजें प्रथम कलकत्ता व मागाहून अलाहाबाद विद्यापीठास जोडलेलीं होतीं. म्हणजे मुलगा शिके नागपुरांत आणि पदवीवर शिक्का पडे शेंकडों कोसांवरील विद्यापीठाचा. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें तेव्हां ही अडचण दूर झाली. २००५ पासून त्यास राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असें नांव आहे.

शेतकी कॉलेज मात्र विद्यापीठाहूनही जुनें आहे. १९०६ सालीं तें सुरू झालें, आणि महाराजबाग आजही त्याच्याच व्यवस्थेखालीं आहे. रविवारीं पोरांना घेऊन वाघ-अस्वलें पाहावयास जाणाऱ्या किती लोकांस हें माहीत असेल? कामठीचे डी. लक्ष्मीनारायण यांनीं मृत्युपत्रानें ठेवलेल्या देणगींतून १९४२ सालीं जी तंत्रसंस्था उभी राहिली, तिच्यांत तेलें व अन्नपदार्थ यांवरील प्रक्रियेचें शास्त्र शिकविलें जातें. २०२३ सालीं या संस्थेस स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सरकी, जवस व सोयाबीन पिकविणाऱ्या मुलुखास ही विद्या परकी नाहीं.

विद्यापीठ वेगळें, कॉलेज वेगळें

पुष्कळांचा घोटाळा येथेंच होतो. पदवी देतें तें विद्यापीठ. कॉलेज बहुधा केवळ शिकवितें. जें कॉलेज विद्यापीठाचें स्वतःचें, तें घटक महाविद्यालय. जें दुसऱ्या संस्थेनें चालविलें पण विद्यापीठाशीं जोडलेलें, तें संलग्न महाविद्यालय. याखेरीज स्वतंत्र कायद्यानें निघालेलीं खासगी विद्यापीठें आहेत. तीं आपली पदवी आपणच देतात व त्यांची फीही वेगळी असते.

महाराष्ट्रांत सर्वसाधारण विद्यापीठांची परंपरा १८५७ च्या मुंबई विद्यापीठापासून सुरू होते. पुणें १९४९, मराठवाडा १९५८, शिवाजी विद्यापीठ कोल्हापूर १९६२, अमरावती १९८३ आणि गडचिरोलीचें गोंडवाना विद्यापीठ २०११, असा हा क्रम आहे. मधल्या व मागच्या कांहीं विद्यापीठांचीं नांवें विस्तारभयास्तव गाळलीं आहेत. या क्रमाकडे पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते. विद्यापीठ हळूहळू बंदराच्या शहराकडून शेतकऱ्याच्या जिल्ह्याकडे सरकत आलें आहे.

शेतकऱ्याचीं स्वतःचीं विद्यापीठें

अमेरिकेंत १८६२ सालीं मॉरिल यांच्या कायद्यानें सरकारी जमिनी देऊन शेतकी व यंत्रविद्येचीं कॉलेजें काढण्यांत आलीं. पुढें तेथें असें तत्त्व रूढ झालें कीं, शेतीच्या कॉलेजानें शिकवावें, संशोधन करावें आणि तें संशोधन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोंचवावें. भारतांत हाच धडा घेऊन पहिलें कृषि विद्यापीठ १९६० सालीं पंतनगरास निघालें. आपल्या राज्यांत राहुरीचें विद्यापीठ १९६८ सालीं, अकोल्याचें १९६९ सालीं, आणि परभणी व दापोलीचीं १९७२ सालीं स्थापन झालीं.

अकोल्याचें विद्यापीठ सहज मिळालें नाहीं. तें विदर्भांत व्हावें म्हणून १९६७ सालीं मोठें आंदोलन झालें आणि त्यांत माणसें प्राणांस मुकलीं. ज्यांचें नांव त्यास दिलें ते डॉ. पंजाबराव देशमुख पापळच्या शेतकरी कुटुंबांत १८९८ सालीं जन्मले. विलायतेंत शिकून परत आल्यावर त्यांनीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून बहुजनांच्या मुलांस शिक्षणाचीं दारें उघडलीं, व पुढें ते देशाचे कृषिमंत्री झाले. शिकलेल्या शेतकरीपुत्रानें काय करावें याचा यापेक्षां चांगला दाखला शोधावा लागणार नाहीं.

या विद्यापीठांचें काम आपल्या शिवारांत रोज दिसतें. कपाशीचें पीकेव्ही हायब्रीड-२ हें वाण आणि हरभऱ्याचें जॅकी ९२१८ यांच्या मागें अकोल्याचे श्रम आहेत. उसाचें फुले २६५ हें वाण राहुरीच्या पाडेगांव केंद्रांतून आलें, सोयाबीनचें एमएयूएस ७१ परभणीहून, आणि रत्ना आंबा दापोलीहून. कॉलेजाशीं आपला संबंध नाहीं असें म्हणणाऱ्याच्या पेरणीयंत्रांतही बहुधा कॉलेजच असतें!

पण विद्या एकाच दिशेनें वाहते असें नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड येथील दादाजी खोब्रागडे यांचें शालेय शिक्षण नांवापुरतें झालें होतें. त्यांनीं आपल्या बांधींतील धानाच्या वेगळ्या लोंब्या निवडून, त्या वर्षानुवर्षें पेरून एचएमटी हें वाण सिद्ध केलें. अकोल्याच्या विद्यापीठानें तें शुद्ध करून पीकेव्ही-एचएमटी या नांवानें प्रसारित केलें, आणि श्रेय कोणाचें यावर पुष्कळ वाद झाला. दादाजी २०१८ सालीं निवर्तले. शेतकऱ्याजवळ निरीक्षण आहे, विद्यापीठाजवळ प्रयोगशाळा आहे; आणि या दोहोंच्या मध्यें आपलें शिकलेलें मूल उभें राहिलें, तर असा वाद पुन्हा होण्याचें कारण उरणार नाहीं.

कोणता अभ्यासक्रम

शेतीची पदवी चार वर्षांची आहे. तिला प्रवेश राज्याच्या सीईटी परीक्षेवरून मिळतो. सातबारा असलेल्या कुटुंबांतील मुलांस प्रवेशाच्या गुणांत अधिभार देण्याची पद्धति या विद्यापीठांत राहिलेली आहे. त्या त्या वर्षाचा नियम माहितीपुस्तिकेंत पाहून उतारा वेळेवर काढून ठेवावा. शेवटच्या वर्षीं हे विद्यार्थी कृषिदूत व कृषिकन्या म्हणून खेड्यांत राहून काम करतात. आपल्या गांवीं ते आले तर त्यांस चहा पाजून वाटेला लावूं नये. मातीचा नमुना कसा घ्यावा, बीजप्रक्रिया कशी करावी, हें त्यांच्याकडून करवून घ्यावें, आणि आपल्या अडचणी त्यांच्या वहींत लिहवून प्राध्यापकांपर्यंत पोंचवाव्या.

पशुवैद्यकाच्या पदवीस नीट परीक्षा द्यावी लागते. पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० सालीं स्थापन झालें. त्याचें मुख्य ठाणें नागपुरासच आहे, व तेलंखेडीस त्याचें मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. ज्या मुलास दहावीनंतरच शेतावर यावयाचें आहे त्याच्यासाठीं दोन वर्षांची मराठी माध्यमाची कृषि पदविका आहे. आणि जो शेत सोडूं शकत नाहीं त्याच्यासाठीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

पैसे भरण्यापूर्वीं

पहिली गोष्ट, पदवी कोण देणार तें विचारावें. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळीं प्रसिद्ध करतो. तिच्यांत नागपूरचा पत्ता असलेली एक संस्थाही वर्षानुवर्षें आढळते. दुसरी गोष्ट, खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी ठरविण्यासाठीं २०१५ च्या कायद्यानें प्राधिकरण नेमलेलें आहे. त्यानें ठरविलेला आंकडा मागून घ्यावा आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊं नये. प्रवेशासाठीं कॅपिटेशन फी घेण्यास १९८७ च्या कायद्यानें मनाई आहे. जो मागतो तो कायदा मोडतो.

तिसरी गोष्ट, सवलती आधीं पाहाव्या आणि शेताचें गिऱ्हाईक मागाहून. २०२४-२५ पासून ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी फेरींतून झालेला असावा लागतो. अल्पभूधारकांच्या मुलांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. मनीषनगरांतील खोलीचें भाडें भरणाऱ्या बापास हा भत्ता लहान वाटणार नाहीं.

चौथी गोष्ट, कॉलेज स्वतः जाऊन पाहावें. शेतीचें कॉलेज असेल तर त्याचें शेत कोठें आहे, तें पिकतें काय, गोठ्यांत जनावरें आहेत काय, शिकविणारे कायमचे आहेत कीं तासावर येणारे, हें विचारण्यास लाजूं नये. ज्या कॉलेजास शेत दाखवितां येत नाहीं त्यानें शेतीची पदवी कशी शिकवावी?

जमीन व विद्या

१९७०-७१ च्या कृषिगणनेंत महाराष्ट्रांतील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतें. २०१५-१६ च्या गणनेंत तें १.३४ हेक्टरवर आलें. एवढ्या तुकड्यावर सर्वच मुलांनीं राबावें असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. दोन भावांतील एकानें दुसरा व्यवसाय धरला तर उरलेल्यास शेत पुरेल, हा हिशेब खरा आहे. पण म्हणूनच विक्रीचा हिशेब अधिक जपून करावयास हवा. १.३४ हेक्टर म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. त्यांतून दीड एकर गेला तर मागें राहिलेल्या भावाचें शेत जवळजवळ अर्धें झालें. शिकलेल्यास नोकरी मिळाली नाहीं तर त्याच अर्ध्यावर दोघांस परत यावें लागतें.

यासाठीं आमची सूचना इतकीच कीं, संघाच्या प्रत्येक शाखेनें एप्रिल-मे महिन्यांत एक सभा केवळ याच विषयास द्यावी. गांवांतील ज्या मुलांनीं व मुलींनीं पदव्या घेतल्या आहेत त्यांस बोलवावें. खर्च किती आला, पदवीचा उपयोग काय झाला, कोठें फसगत झाली, हें त्यांच्याच तोंडून ऐकावें. माहितीपुस्तिका व सवलतींचे अर्ज त्याच सभेंत भरून घ्यावे. एवढें करूनही पैसा कमी पडला तर शैक्षणिक कर्जाचा विचार करावा. जमिनीच्या विक्रीचा कागद हा अगदीं शेवटचा उपाय; आणि घरांतील शिकणाऱ्या मुलास अगर मुलीस जवळ बसवून, तो कागद त्यांच्यासमोर वाचल्यावांचून त्यावर सही करूं नये.