रक्तनिर्मितीक्षम मूलपेशींचे संवर्धन व जतन : नॅनोतंत्रज्ञानाची भूमिका

प्रस्तावना :
मानवी रक्तातील पेशींचे आयुष्य मर्यादित असते. त्यांची झीज अस्थिमज्जेतील मूलपेशी आयुष्यभर भरून काढतात. टिल व मॅक्‌कुलक या कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून अशा पेशींचा पुरावा दिला. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल व थॅलेसेमिया या आनुवंशिक विकारांवर मूलपेशींचे प्रत्यारोपण हा रोग समूळ बरा करू शकणारा उपाय आहे. त्यामुळे मलकापूरसारख्या तालुक्याच्या गावीही हा विषय केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही.

समस्येचे स्वरूप :
जुळणारा दाता प्रत्येक रुग्णास लाभत नाही. १९८८ मध्ये पॅरिस येथे नाळेतील रक्त वापरून पहिले प्रत्यारोपण झाले व नवा स्रोत उपलब्ध झाला. परंतु एका नाळेतून मिळणाऱ्या मूलपेशी प्रौढ रुग्णासाठी बहुधा अपुऱ्या पडतात. साध्या संवर्धनपात्रात त्या वाढविल्यास संख्या वाढते. मात्र बहुतेक पेशी परिपक्व होऊन आपले मूळ गुणधर्म गमावतात. म्हणजे संख्या मिळते, पण क्षमता हरवते.

नॅनोतंतूंचा आधार :
एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. अस्थिमज्जेत मूलपेशी अतिसूक्ष्म प्रथिनतंतूंच्या जाळ्यात वसतात. बहुवारिकाच्या द्रावणास उच्च विद्युत्‌दाब देऊन त्याच्या धारेपासून असेच सूक्ष्म तंतू बनविता येतात. पॉलिइथरसल्फोनच्या नॅनोतंतूंवर अमाइन गट जोडल्यास नाळरक्तातील मूलपेशी त्यांना अधिक चिकटतात व चांगल्या वाढतात, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. येथे आधार केवळ पेशींना धरून ठेवत नाही, तर त्यांच्या वर्तनावरही परिणाम करतो.

जतनाचा प्रश्न :
मूलपेशी उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवितात. गोठताना होणारे बर्फाचे स्फटिक व ऑक्सिडीकरण यांमुळे पेशीपटलास इजा पोहोचते. ती टाळण्यासाठी डायमिथिल सल्फॉक्साइड वापरतात. मात्र त्याचे दुष्परिणाम आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. ललिता लिमये व डॉ. वैजयंती काळे यांनी गोठविण्याच्या माध्यमात ट्रेहॅलोज ही शर्करा व कॅटॅलेजसारखी ऑक्सिडीकरणरोधके मिसळण्याचा अभ्यास २००१ पासून प्रसिद्ध केला. ट्रेहॅलोज पेशीपटल सहज ओलांडत नाही. ही अडचण नॅनोकणांतून ते पेशीत पोहोचवून दूर करता येते, हे २०१५ मध्ये चरबीतील मूलपेशींवर सिद्ध झाले. रक्तमूलपेशींसाठीही ही दिशा विचारात घेण्याजोगी आहे.

मर्यादा :
संवर्धित नाळरक्तपेशींचा उपचार शक्य आहे, हे अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या ओमिडुबिसेलने दाखविले. मात्र त्यातील वाढ नॅनोतंतूंवर नव्हे, तर निकोटिनामाइडच्या साहाय्याने होते. नॅनोपदार्थांची विषाक्तता, पेशींची दीर्घकालीन स्थिरता व खर्च यांची कसोटी बाकी आहे. स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळरक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. नव्या तंत्राच्या नावाने पालकांना दिल्या जाणाऱ्या आश्वासनांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे लागते.

समारोप :
मूलपेशींना त्यांच्या नैसर्गिक निवासासारखा परिसर देणे, हे या संशोधनाचे सार होय. त्यासाठी जीवशास्त्र, रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान यांचा समन्वय आवश्यक आहे. महाविद्यालयीन अध्यापनात या विषयांतील भिंती कमी झाल्यास असे संशोधक घडतील, आणि दात्याच्या प्रतीक्षेतील रुग्णास त्याचा अंतिम लाभ मिळेल.