गोठ्यातला चिखल का हटत नाही? फरशी, उतार आणि नालीचं साधं गणित

नांदगाव पेठ आणि आजूबाजूच्या गावांत दोन-चार गाई-म्हशी ठेवून अमरावती शहरात दूध पोचवणारी घरं बरीच आहेत. गोठा म्हणजे आपला कोठा. वर टिनाची पत्रं, तिन्ही बाजूंना पराट्यांचा कूड किंवा विटांची भिंत आणि खाली मातीची नाहीतर शहाबादी फरशीची जमीन. उन्हाळ्यात सगळं ठीक दिसतं. मृगाचा पाऊस पडला की आठ दिवसांत मागच्या पायाशी चिखल होतो, वास सुटतो, माशा वाढतात. मग कुणीतरी सांगतं, "सिमेंटचा कोबा करून टाका." कोबा होतो, पैसे जातात आणि पुढच्या पावसाळ्यात गाय घसरते किंवा पाणी पुन्हा तिथंच साचतं.

कारण प्रश्न फक्त सिमेंटचा नसतो. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हा खरा प्रश्न आहे.

गोठ्यात तीन प्रकारचं पाणी असतं

एक गोमूत्र, दुसरं धुण्याचं पाणी आणि तिसरं पावसाचं. बहुतेक गोठ्यांत ही तिन्ही एकाच नालीत जातात, म्हणून कुठलीही नाली पुरत नाही. हिशोब करून पाहा.

एक गाय दिवसाला साधारण १० लिटर मूत्र टाकते. तीन गाई धरल्या तर ३० लिटर. २०२१ साली शासनाने सुरू केलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत २ ते ६ जनावरांसाठी जो गोठा सांगितला आहे, त्यात मूत्रसंचय टाकं २५० लिटरचं आहे. म्हणजे तीन गाईंचं नुसतं मूत्र गेलं तर टाकं आठ दिवस पुरतं. पण रोज १५ बादल्या पाणी ओतून गोठा धुतला तर ते एका दिवसातच भरतं. आणि पावसाचं तर विचारूच नका. त्याच योजनेतला गोठा ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद, म्हणजे २६.९५ चौरस मीटरचा आहे. एवढ्या छपरावर तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला तर जवळपास पावणेसातशे लिटर पाणी खाली येतं. पत्र्याची वळचण नालीवरच गळत असेल तर पहिल्याच सरीत टाकं भरून वाहतं आणि सगळा राडा अंगणात येतो.

म्हणून पहिला खर्च कोब्यावर नको. आधी पत्र्याच्या कडेला पन्हळ लावा आणि ते पाणी पाईपने गोठ्यापासून लांब सोडा. बाहेरच्या अंगणापेक्षा गोठ्याची जमीन किमान एक-दीड फूट उंच हवी. हे दोन्ही झालं तर निम्मा चिखल तिथंच संपतो. माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा एवढंच करा आणि फरशी पुढच्या वर्षावर ढकला.

काळी माती सोडणार नाही

वऱ्हाडातली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. घरांच्या भिंती तडकतात त्याचं कारणही हेच. कोबा थेट या मातीवर टाकला तर खालची जमीन दरवर्षी वर-खाली होते आणि कोब्याला तडे जातात. त्या तड्यांतून मूत्र खाली झिरपतं. मग कितीही धुवा, वास जात नाही.

त्यामुळे फूट-दीड फूट काळी माती काढून टाकायची आणि मुरूम भरायचा. तोही एकदम नाही. अर्ध्या फुटाचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमस करायची, मग दुसरा थर. मिस्त्री घाई करतो ती नेमकी इथं, तेव्हा स्वतः उभं राहा. मुरूम बसला की त्यावर ४ इंच जाडीचं काँक्रीट, एक सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी या प्रमाणात.

साडेअकरा फुटांत काय काय बसवायचं

योजनेतल्या गोठ्याची रुंदी ३.५ मीटर, म्हणजे साधारण साडेअकरा फूट आहे. तिची वाटणी अशी करता येते: गव्हाण २ फूट, गाय उभी राहायची जागा साडेपाच फूट, नाली १ फूट आणि मागे चालायला, शेण ओढायला ३ फूट.

यात सगळ्यात महत्त्वाची साडेपाच फुटांची पट्टी. ती जास्त लांब झाली तर शेण उभ्या जागेवरच पडतं आणि गाय त्यातच बसते. आखूड झाली तर मागचे पाय कायम नालीत. अंगाने लहान असलेल्या देशी गाईला, आपल्या गवळाऊसारख्या, ५ फूट पुरतात. जर्सी संकरित मोठी असेल तर साडेपाच. बांधकामाआधी गाय दावणीला बांधून तिचे मागचे खूर कुठं येतात तिथं चुन्याची खूण करा. पुस्तकातल्या मापापेक्षा हे माप खरं.

उतार ४० ला १ ठेवायचा. साडेपाच फूट म्हणजे ६६ इंच. त्यामुळे गव्हाणीकडून नालीकडे पावणेदोन इंच उतार पुरेसा आहे. जास्त दिला तर गाय सतत उतारावर उभी राहते आणि मागच्या पायांवर भार येतो. मागच्या ३ फुटांच्या वाटेलाही नालीकडेच हलका उतार हवा.

आता नाली. इथं एक अडचण आहे. गोठा २५ फूट लांब आहे आणि नालीत शेणाचा गाळ असतोच, म्हणून तिचा उतार ६० ला १ तरी हवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हा उतार काढला तर ५ इंच होतात. सुरुवातीला २ इंच खोल असलेली नाली शेवटी ७ इंच खोल होणार. त्यात गाईचा पाय अडकतो. उपाय सोपा आहे. दोन्ही टोकांकडून मध्यभागी उतार द्या. मग साडेबारा फुटांत अडीच इंच, म्हणजे सर्वांत खोल जागीही साडेचार इंचच. मधल्या खोल जागेतून ४ इंची पीव्हीसी पाईप मागच्या वाटेखालून बाहेर काढा, तिथं जाळीचं छोटं गाळ-चेंबर आणि पुढे टाकं. टाक्याला झाकण हवंच, नाहीतर डास. नालीचा तळ बशीसारखा गोल ठेवला तर फावड्याने साफ करणं सोपं जातं.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत १,३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, त्यामुळे राखेच्या विटा डोळ्यासमोर येतातच. भिंतीला त्या चालतील. नालीला किंवा उभ्या जागेला मात्र वीट कुठलीच नको, ती मूत्र शोषते.

सगळीकडे कोबा हवाच का?

नाही. गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते आणि अंगाचं बरंच वजन त्यांच्यावर येतं. कडक सिमेंटवर गुडघे सोलतात, सुजतात. मग ती बसायचं टाळते, आणि कमी बसणारी गाय रवंथ आणि दूध दोन्हीत मागे पडते. दोन-तीन गाईंच्या गोठ्यात पुढचे तीन फूट चोपलेल्या मुरमाचेच ठेवा, वर सोयाबीनचं कुटार पसरा. मागचे अडीच फूट, नाली आणि वाट एवढाच कोबा करा. यात सिमेंट साधारण १० पोती लागतं. तिन्ही पट्ट्या पूर्ण केल्या तर १४-१५ पोती. रबर मॅट चांगली, पण तिच्याखाली मूत्र साचतं. आठवड्यातून एकदा उचलून धुवायची तयारी असेल तरच घ्या.

शहाबादी फरशी असेल तर ती काढा. गुळगुळीत फरशीवर ओलं शेण म्हणजे बर्फच. गाईचे मागचे पाय फाकले तर ती पुन्हा उभी राहीलच असं नाही. नवा कोबा घोटून चकचकीत करू देऊ नका. ओला असतानाच खराट्याने खरबरीत करा आणि लोखंडी सळईने चौकटीच्या खाचा पाडा, अर्धा इंच रुंद, तेवढ्याच खोल, तीन-चार इंचांवर.

कोरडं राहण्याचा फायदा

मूत्रातल्या युरियाचा शेणातल्या जंतूंमुळे अमोनिया होतो, डोळ्यांना झोंबतो तो हाच. शेण आणि मूत्र जितक्या लवकर वेगळं होईल तितका अमोनिया कमी आणि खतातलं नत्र जास्त शिल्लक. ओल्या जागेत खूर मऊ पडून सडतात, आणि दूध काढल्यावर गाय शेणात बसली तर सडातून जंतू शिरून कासदाह होतो. माशांचंही तेच. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पीने अमरावती, अकोला, बुलढाणा भागात किती जनावरं नेली ते आठवत असेल. तो आजार चावणाऱ्या माशा, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो. लस हाच मुख्य उपाय, पण ओल्या शेणात माशांची पैदास होऊ न देणं आपल्या हातात असतं.

धुण्याआधी शेण कोरडंच ओढून घ्या, मग चार-पाच बादल्यांत काम होतं आणि टाक्यातलं गोमूत्र पातळ होत नाही. याच जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं २०० लिटर जीवामृत करायला ५ ते १० लिटर गोमूत्र लागतं. पाण्यात मिसळलेलं घातलं तर हिशोबच चुकतो.

काम उन्हाळ्यात निघतं, तेव्हा पारा ४३-४४ वर असतो. बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं असतं. ते मजबुती सावकाश धरतं. तेव्हा गोणपाट अंथरून किमान १४ दिवस पाणी मारा. त्यानंतर दोन बादल्या पाणी गव्हाणीकडून ओता आणि पंधरा मिनिटं थांबा. जिथं डबकं राहील तिथं कोळशाने गोल करा आणि मिस्त्रीचे शेवटचे पैसे ती जागा दुरुस्त झाल्यावरच द्या. नव्या सिमेंटचा चुना खुरांना भाजतो आणि खाचांच्या कडा धारदार असतात, म्हणून गाई आत घेण्याआधी एखादा जड दगड फरशीवरून दोन-तीनदा ओढा आणि भरपूर पाण्याने धुऊन घ्या.

योजनेतून बांधायचं असेल तर २०२१ च्या निर्णयात ६ जनावरांपर्यंतच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये धरले होते. आजचा आकडा आणि नियम ग्रामपंचायतीत ग्रामरोजगार सेवकाला विचारा, आणि मंजुरी हातात येईपर्यंत जुनी फरशी उखडू नका.