डोंगराची वाट आणि शेतकऱ्याचे फाटक

आठवडाभर शहरात राबलेल्या माणसाला रविवारी डोंगराची ओढ लागते. पोर्ट लुईच्या गर्दीतून मान वर केली की पूस डोंगर दिसतो. 812 मीटर उंचीच्या या ‘अंगठ्या’वर 1836 साली चार्ल्स डार्विनही चढला होता. आयर्लंडमधील कॉर्कच्या लोकांनाही अशीच ओढ असते. आपल्या बेटावरची मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी आयर्लंडला जातात, म्हणून आज त्या डोंगरांची ही ओळख.

कॉर्क या नावाचा आयरिश भाषेतील अर्थ दलदल. ली नदीच्या दोन प्रवाहांमधील बेटांवर हे शहर वसले. वस्ती वाढली तसे पाण्याचे काही प्रवाह झाकून वर रस्ते बांधले. तेथील मुख्य सेंट पॅट्रिक रस्ता अशाच एका प्रवाहावर आहे. 2022 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 2 लाख 24 हजार भरली.

या गजबजाटातून पश्चिमेला सुमारे 70 किलोमीटर गेले की गूगान बारा हे ठिकाण लागते. चहूकडे उंच डोंगर, मध्ये तळे, तळ्यात एक चिमुकले बेट आणि त्यावर प्रार्थनामंदिर. सहाव्या शतकात संत फिनबार येथे राहत होते, अशी लोकांची श्रद्धा आहे. ली नदीचा उगमही येथलाच. आपल्या गंगा तलावाची आठवण व्हावी असे हे स्थळ! 1966 पासून तेथे वनउद्यान असून पायवाटा आखलेल्या आहेत. शहराच्या अधिक जवळ 644 मीटरचा मुशेरा आहे. कॉर्क परगण्यातील सर्वांत उंच डोंगर नॉकबॉय, 706 मीटर, केरी परगण्याच्या सीमेवर उभा आहे.

मात्र आयर्लंडमध्ये डोंगरावर वाटेल तेथे हिंडण्याचा सरसकट हक्क कायद्याने दिलेला नाही. बऱ्याच वाटा शेतकऱ्यांच्या कुरणांतून जातात आणि त्यांच्या संमतीवरच चालतात. 1996 साली शीप्स हेड या भूशिरावरची लांब पायवाट खुली झाली, तीही जमीनमालकांनी परवानगी दिली म्हणून. 2008 पासून वाटेची निगा राखणाऱ्या शेतकऱ्यांना सरकार मोबदलाही देते.

शेतकरी आपल्या बांधाला इतका का जपतो? पिढ्यान्‌पिढ्या तो जमीनदाराचे कूळ होता. 1903 च्या कायद्यानंतर हजारो कुळांना जमीन विकत घेता आली. हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्या गिरमिटिया पूर्वजांनीही पै-पै साठवून मोर्सेलमाँच्या काळात जमिनीचे तुकडे घेतले. त्या तुकड्यावरून कोणी न विचारता गेले, तर आजोबांना काय वाटले असते?

म्हणून कॉर्कला निघालेल्या मुलांना आम्ही एवढेच सांगू. फाटक बंद असेल तर पलीकडे जाऊन पुन्हा बंद करावे, उघडे असेल तर उघडेच ठेवावे. मेंढ्यांच्या कुरणात कुत्रा नेऊ नये. पाऊस केव्हाही येतो, म्हणून चांगले बूट व रेनकोट घ्यावा आणि कुठे जातो ते घरी कळवावे. वाटेत शेतकरी भेटला तर थांबून दोन शब्द बोलावे. आपल्या बेटावरही काही वाटा खासगी उसातून व शिकारीच्या रानांतून जातात. तेथेही हाच नियम पाळावा. एकाने फाटक उघडे टाकले, तर पुढच्या रविवारी येणाऱ्या सर्वांची वाट बंद होऊ शकते.