भाला बांधा, हँडल मोकळे ठेवा

पावसाळा ओसरू लागला की शाळांच्या तालुका क्रीडा स्पर्धा सुरू होतात, आणि आष्टी, पाटोदा, धारूरकडच्या खेड्यांत दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो: सामान मैदानापर्यंत न्यायचे कसे? मुले एसटीने पोचतात. भाल्याचे काय? पुरुषांच्या स्पर्धेचा भाला वजनाला फक्त ८०० ग्रॅम, पण लांबीला २.६ ते २.७ मीटर. तो घेऊन भरलेल्या एसटीत चढता येत नाही. मग सायकल निघते, आणि पहिल्या वळणावरच लक्षात येते की एक किलोही न भरणाऱ्या या वस्तूने सायकल आवरेनाशी झाली आहे. तीच सायकल कॅरियरवर धान्याचे पोते घेऊन मात्र मुकाट चालते.

याचे उत्तर वजनात नाही, हँडलमध्ये आहे.

तळहातावर काठी उभी तोलताना काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण हात नेतो. सायकलचेही तसेच. ती डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळते, चाके डावीकडे सरकून पुन्हा वजनाखाली येतात आणि तोल सावरतो. सरळ रस्त्यावर आपण सतत अशी बारीक वळणे घेत असतो. ओल्या मातीवरून गेलेल्या सायकलीचा माग पाहा, पुढच्या चाकाची रेघ कधीच सरळ नसते. हँडल दोरीने करकचून बांधले, तर तरबेज सायकलस्वारही काही क्षणांत आडवा होतो.

आता भाला हँडलला आडवा बांधला तर काय होते ते आकड्यांत पाहू. एखादी वस्तू फिरवायला किती जड जाते हे तिच्या वजनाइतकेच ते वजन किती दूर पसरले आहे यावरही ठरते, आणि अंतराचा परिणाम वर्गाने वाढतो. भाल्याचे मध्याभोवतीचे गणित साधारण असे: ०.८ गुणिले २.७ गुणिले २.७, भागिले १२. उत्तर सुमारे ०.५ येते. पुढचे चाक, चिमटा आणि हँडल मिळून नेहमीच्या सायकलीत हा आकडा याच्या निम्मासुद्धा नसतो. म्हणजे ८०० ग्रॅमच्या भाल्याने हँडल वळवण्याचे काम तिपटीहून जड केले. सायकल कलते तेव्हा हँडल पुरेसे लवकर वळत नाही. वळले की मग थांबत नाही. उलट पुरुषांच्या गोळाफेकीचा ७.२६ किलोचा गोळा हँडलच्या खुंटीपासून १० सेंटिमीटरवर घट्ट बांधला तर हाच आकडा जेमतेम ०.०७ होतो. तोच गोळा ३० सेंटिमीटर पुढच्या बास्केटमध्ये ठेवा, ०.६५. अंतर तिप्पट, त्रास नऊपट.

मग भाला सायकलच्या मधल्या दांड्याला समांतर बांधावा. इथेही एक गोम आहे. पुढचे टोक हँडलच्या शेजारून जाते, त्यामुळे त्या बाजूला हँडल पुरते वळत नाही. अडचण वळणावर येते तशी सरळ रस्त्यावरही येते, कारण त्या बाजूला तोल गेला की सावरायला हँडलला जागाच उरत नाही. भाला मागे सरकवून, दांड्याला आणि कॅरियरला जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळावा, टोकाला रबरी टोपण आणि मागे निघालेल्या भागाला लाल फडके बांधावे. निघण्यापूर्वी सायकल स्टँडवर लावून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे.

हे सगळे इतके सोपे वाटते की शास्त्रज्ञांनी ते केव्हाच उलगडले असेल असा कुणाचाही समज होईल. प्रत्यक्षात चालत्या सायकलीचा तोल हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ रेंगाळला, आणि तो मार्गी लावणाऱ्यांपैकी एकाचे नाव आजही फारसे कुणी घेत नाही.

अनेक पुस्तकांत आणि हल्लीच्या असंख्य व्हिडिओंत सांगितले जाते की फिरती चाके भोवऱ्यासारखी असल्याने सायकल पडत नाही. हे अर्धवट आहे, आणि ते इतक्या ठामपणे सांगितले जाते याचा मला मनापासून राग येतो. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक बसवून भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ पुसून टाकला आणि तरीही ती सायकल आरामात चालवली. १९७०मध्ये ‘फिजिक्स टुडे’मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. त्याचा स्वतःचा भर दुसऱ्या कारणावर होता: पुढचे चाक जमिनीला टेकते ती जागा हँडलच्या आसाच्या रेषेपेक्षा थोडी मागे असते, म्हणून चाक ओढले जाऊन सरळ राहते. हे स्पष्टीकरण लोकांना पटले आणि तेच अंतिम मानले गेले.

तिथे जिम पापाडोपुलोस येतो. सायकलवेडा अमेरिकी अभियंता. १९८०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात अँडी रुइना यांच्याबरोबर काम करताना त्याने सायकलच्या गतीवर तोवर लिहिलेली समीकरणे एकेक करून तपासायला घेतली. बहुतेकांत चुका निघाल्या. बरोबर कोण निघाले? केंब्रिजमध्ये विद्यार्थी असताना १८९९मध्ये समीकरणे मांडणारा फ्रान्सिस व्हिपल! त्याच वर्षी फ्रान्समध्ये कार्व्हालो यानेही स्वतंत्रपणे हे काम केले होते. जुन्या कागदांत पडून राहिलेले काम पापाडोपुलोसने उजेडात आणले, पण त्याचे स्वतःचे कामही तसेच पडून राहिले. सायकल संशोधनाला पैसा मिळेना, विद्यापीठातली कायमची जागा मिळाली नाही, आणि तो कागद गुंडाळण्या-कापण्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला. अखेर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी हा विषय पुन्हा हाती घेतला, तेव्हा मायार्ड, पापाडोपुलोस, रुइना आणि श्वाब यांचा लेख २००७मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञ आज ज्या नमुना सायकलीवर आपली गणिते पडताळतात ती या लेखातली. पापाडोपुलोसच्या उमेदीची वर्षे त्यात गेली.

२०११मध्ये याच गटाने ‘सायन्स’मध्ये आणखी विलक्षण गोष्ट दाखवली. त्यांनी एक छोटी सायकल बनवली. तिच्यात उलट फिरणारी चाके लावून भोवऱ्याचा परिणाम काढून टाकला होता, आणि पुढचे चाक टेकण्याची जागा जोन्सच्या नियमाच्या उलट, किंचित पुढे होती. ढकलून दिल्यावर ती स्वाराशिवाय तोल धरून धावली. वजन कुठे आहे हे इथे निर्णायक होते. पुढच्या भागाचे वजन खाली आणि आसाच्या पुढे असल्याने सायकल कलली की तो भाग आधी पडू लागे आणि हँडलला त्याच बाजूला वळवे.

सामान बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष अनमोल आहे. पुढे बांधलेले घट्ट, आटोपशीर वजन हँडलला योग्य बाजूला वळायला मदतही करू शकते. पॅरिसमध्ये वर्तमानपत्रे वाटणाऱ्यांच्या सायकल शर्यती भरत, त्यात गठ्ठा पुढच्या कॅरियरवर असे आणि तो घेऊन माणसे वाऱ्यासारखी पळत. मात्र चेंडूंची जाळी हँडलला लोंबकळत सोडली की ती स्वतःच्या तालात झुलते आणि हँडलला नको त्या क्षणी झटके देते. लोंबकळणाऱ्या दोन किलोंपेक्षा आवळलेले दहा किलो बरे.

वेगाचाही हिशेब आहे. त्या नमुना सायकलीचे गणित सांगते की ती स्वारासह, हँडलला हात न लावता, ताशी सुमारे १५ ते २२ किलोमीटर या पट्ट्यातच आपला तोल आपण धरते. त्याखाली सारा भार हातांवर येतो. मांजरसुंब्याचा घाट चढताना सामानासह वेग त्याच्या निम्म्यावर येतो आणि हँडल मोठमोठे हेलकावे घेते, ते म्हणूनच. ताकदीचा प्रश्न त्या मानाने लहान आहे. २० किलोचे सामान १०० मीटर उंच चढवायला लागणारी जास्तीची ऊर्जा, शरीराचा सगळा अपव्यय धरूनही, २० किलोकॅलरींच्या आसपास भरते. घाटात दमवतो तो मुख्यतः स्वतःच्या शरीराचा भार.

दुधाच्या किटल्या कॅरियरच्या दोन्ही बाजूंना, खाली लटकवण्याची पद्धत सामानासाठी उत्तम. चालत्या सायकलीत उंचावरचे वजन उलट थोडे सावकाश कलते, पण थांबताना, उतरताना, ढकलताना तेच अंगावर येते. किटल्यांच्या जागी गोळे आणि थाळ्या घट्ट पोत्यांत, दोन्हीकडे सारख्या वजनाने बांधाव्यात.

कॅरमबोर्डाची बाब वेगळी. चौकटीसह त्याचे क्षेत्रफळ साधारण पाऊण चौरस मीटर. कॅरियरच्या बाजूला उभा बांधला आणि बालाघाटाच्या माळावर ताशी ३० किलोमीटरचा आडवा वारा सुटला, तर त्याच्यावर तीन ते साडेतीन किलो वजनाएवढा जोर एका बाजूने येतो. बोर्ड मागे असेल तर हा जोर सायकलला ढकलतो आणि आपण सावरून घेऊ शकतो. हँडलला टेकवून धरला असेल तर वारा हँडलच वळवतो. शक्य असेल तिथे बोर्ड कॅरियरवर आडवा, सपाट बांधावा. रुंदी वाढते, पण वाऱ्याला पकडायला फक्त कड उरते.

काही सामान सायकलला पेलणारच नाही. याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० अशा वेळेत रौप्यपदक घेऊन आला. त्या शर्यतीचा एक अडथळा जवळपास चार मीटर लांब आणि ८० ते १०० किलो वजनाचा असतो. साबळे या शर्यतीकडे वळला तो लष्करात दाखल झाल्यावर. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८मध्ये राष्ट्रकुलचे सुवर्ण घेऊन आला ते कुस्तीत. तालमीच्या मातीत उतरायला सामान लागत नाही, पण गादीवरच्या कुस्तीसाठी १२ मीटर लांब-रुंद मॅट हवी. जिल्ह्यात कोणता खेळ रुजतो यात गुणवत्तेइतकाच वाटा सामान कुठवर पोचते याचाही आहे, असे मला ठामपणे वाटते. लाखाच्या घरातल्या परदेशी मालवाहू सायकलींची छायाचित्रे दाखवून हा प्रश्न सुटल्याचे कुणी सांगू नये.

मॅटच्या लाद्यांसाठी मात्र एक जुना, खात्रीचा मार्ग आहे: सायकलवर बसायचे नाही, ती ढकलायची. १९५४च्या दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी हमालांनी डोंगरवाटांवरून हजारो सायकली अशाच ढकलल्या, एकेकीवर दोनशे किलो आणि त्याहूनही जास्त माल लादून. वजन चाकांवरून जमिनीवर जाते. माणसाने फक्त तोल धरायचा आणि पुढे रेटायचे. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर १०० किलोसाठी हा रेटा एखाद किलो वजनाएवढाच लागतो. त्यांची खुबी बांबूत होती. एक काठी हँडलला जोडून बाहेर काढलेली, दुसरी सीटच्या नळीत उभी खोचलेली. हँडलची मूठ आसापासून ३० सेंटिमीटरवर असेल आणि बांबूने ती ९० सेंटिमीटरवर नेली, तर तेच हँडल एक तृतीयांश जोरात वळते, आणि ढकलणारा मालाच्या बाजूने मोकळा चालू शकतो. सीटच्या नळीतल्या काठीने कलणारा भार सावरायचा. बांबू पुरेसा लांब, सरळ आणि सुका घ्यावा, आणि हँडलला दोन ठिकाणी बांधावा. एकाच ठिकाणी बांधला तर तो जोर लावताच फिरतो.