राज्यपालांची एक सही

राज्यपाल म्हटलं की आपल्याला शपथविधी आठवतो. भगतसिंह कोश्यारींच्या (२०१९ ते २०२३) बाबतीत तर नोव्हेंबर २०१९ मधला तो पहाटेचा शपथविधीच. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्यांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, असं सांगितलं. हे सगळं खरंच. पण वणीहून सुरगाण्याकडे निघालं की बोलणं वनपट्ट्यांवर येतं, आणि तिथे त्यांचीच एक सही कामाची ठरते.

राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा फेरफार करून लागू करण्याचा अधिकार राज्यपालांना आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम होता. दावा फेटाळला, की दार बंद. २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईपर्यंत पायी गेले, त्यात वनजमिनीची मागणी मोठी होती. मे २०२० मध्ये कोश्यारींनी विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपिलाची वाट मोकळी केली. सही उशिरा झाली, पण झाली.

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपड्याकडचे तडवी भिल्ल मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही मोडतात. बिगरआदिवासी कुटुंबाला मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो. तेव्हा आजोबांच्या पेटीतले जुने कागद जपा. नकाराचं पत्र आलं असेल तर रागाने फाडू नका. अपील त्याच्याविरुद्धच करायचं असतं, आणि त्याला मुदत असते.