नव्याने बांधलेले इंजिन रुळवताना

भिलाईजवळील हथखोज हा अवजड उद्योगांचा परिसर आहे. भिलाई पोलाद कारखान्याच्या शेजारच्या या भागात यंत्रविद्येचा एक साधा नियम नवशिक्यालाही ठाऊक असावा लागतो : यंत्र नवे असो वा नव्याने जोडलेले, पहिल्याच दिवशी त्याच्यावर पूर्ण भार टाकायचा नसतो. पोलाद कारखान्यातील झोतभट्टीला आतून विटांचे नवे अस्तर दिले की ते आधी मंद उष्णतेने सुकवावे लागते. घाई केल्यास अस्तराला तडे जातात. मोटारगाडीच्या इंजिनाचेही असेच आहे. महिनोन्‌महिने खपून बांधलेले जुन्या गाडीचे इंजिन पहिल्या वीस मिनिटांतील निष्काळजीपणाने निकामी होऊ शकते.

‘प्रीमियर पद्मिनी’ या परिचित गाडीच्या उदाहरणाने ही गोष्ट नीट समजेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने गाड्या तयार होऊ लागल्या. फियाट ११०० या गाडीलाच १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती घराघरांत ओळखीची झाली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि टॅक्सीसाठी असलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सीसेवेतूनही गेली. आज अनेक जण घरातील जुनी पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणण्याची धडपड करतात. मात्र तिचे मूळ सुटे भाग आता कारखान्यात तयार होत नाहीत. म्हणून एखादा भाग बिघडला, तर केवळ पैसे खर्चून तो परत मिळेलच असे नाही.

पद्मिनीच्या इंजिनात १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडर असतात. सिलिंडर झिजले की त्यांना बोअर करून नवे पिस्टन आणि नव्या रिंगा बसवतात. बोअर केलेल्या भिंतीवर मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा ठेवलेल्या असतात. त्या रेषांत तेल टिकून राहते आणि त्यांची टोके घासली गेली की रिंग भिंतीशी तंतोतंत जुळते. दुसरी नाजूक जागा कॅमशाफ्टची. कॅमशाफ्टवरील उंचवटे टॅपेटला वर ढकलतात आणि त्यामुळे झडपा उघडतात. उंचवटा आणि टॅपेट यांचा स्पर्श एका अरुंद रेषेपुरताच होत असल्याने तेथे प्रचंड दाब पडतो. दोन्ही पृष्ठभाग नवे असताना ते एकमेकांशी जुळेपर्यंत वंगण कमी पडले, तर उंचवटा झिजून सपाट होतो. धातूचा कीस तेलातून बेअरिंगांपर्यंत पोहोचतो आणि सगळे इंजिन पुन्हा उघडावे लागते. जुनेच टॅपेट परत वापरायचे असल्यास प्रत्येक टॅपेट त्याच्या मूळ जागीच बसवावा लागतो.

हे टाळण्याची तयारी किल्ली फिरवण्याआधीच करावी लागते. इंजिन जोडताना कॅमशाफ्टला आणि टॅपेटला घट्ट वंगण लावलेले असते. त्यानंतर जुन्या बांधणीच्या इंजिनाला योग्य असे तेल भरावे. नव्या गाड्यांच्या तेलात झीज रोखणाऱ्या जस्त व स्फुरदयुक्त संयुगाचे प्रमाण कमी केलेले असते. कारण स्फुरदामुळे त्या गाड्यांतील धूर शुद्ध करणारी यंत्रणा बिघडते. जुन्या कॅमशाफ्टला मात्र हेच संयुग हवे असते. पुढे स्पार्क प्लग काढून स्टार्टरने इंजिन थोडे फिरवावे आणि तेलाचा दाब येतो की नाही ते पाहावे. गाडीत दाबाचा केवळ दिवा असेल, तर आकडे दाखवणारा मापक तात्पुरता जोडणे हिताचे. दाब दिसताच थांबावे. रेडिएटरमध्ये पाणी, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आणि ठिणगीची वेळ ही तिन्ही आधीच नीट असावीत. इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले पाहिजे; स्टार्टर मारत बसल्यास लावलेले वंगण पुसले जाते आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन नेते. गाडी मोकळ्या हवेत उभी असावी, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. अग्निशामकही हाताशी असावा.

इंजिन सुरू होताच ते मंद गतीवर ठेवायचे नसते. हळुवार सुरुवात म्हणजे मंद गती, असा अनेकांचा समज असतो. पण येथे तो चुकीचा ठरतो. कॅमशाफ्टच्या उंचवट्यांना मुख्यतः क्रँकशाफ्टच्या फिरण्याने उडणारे तेल मिळते आणि मंद गतीत ते पुरेसे उडत नाही. म्हणून मिनिटाला सुमारे दीड ते अडीच हजार फेऱ्यांच्या दरम्यान गती कमी-जास्त करीत इंजिन साधारण वीस मिनिटे चालवतात. या वेळेत एकाने तेलाच्या दाबावर आणि तापमानावर नजर ठेवावी, तर दुसऱ्याने गळती व आवाज तपासावा. दाब आला नाही, पाणी उकळू लागले किंवा ठोके ऐकू आले, तर क्षणाचाही विलंब न करता इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तेल आणि फिल्टर बदलतात, टॅपेटमधील फट तपासतात आणि गॅस्केटच्या प्रकारानुसार हेडचे बोल्ट पुन्हा ठरलेल्या जोराने आवळतात. काढलेल्या तेलात धातूची चमक फार दिसली, तर कारण शोधल्याविना पुढे जाऊ नये.

यानंतर गाडी रस्त्यावर रुळवायची असते. गॅरेजमध्ये यालाच ‘रनिंग-इन’ म्हणतात. पहिल्या सुमारे आठशे किलोमीटरांत जड ओझे, दीर्घ चढ आणि भरधाव वेग टाळावा. मात्र फार जपून, एकाच गतीने चालवणेही योग्य नाही. वेग मध्यम प्रमाणात वाढवला की ज्वलनाचा दाब रिंगेला मागून भिंतीवर रेटतो आणि ती नीट बसते. भारच न पडल्यास भिंतीवर चकचकीत थर चढतो, रिंगा बसत नाहीत आणि निळसर धूर निघत राहतो. म्हणून वेग वाढवावा, सोडावा, पुन्हा वाढवावा. तेलाची पातळी वरचेवर पाहावी आणि या टप्प्याच्या अखेरीस तेल पुन्हा बदलावे.

कारागिराचे कौशल्य इंजिन बांधून संपत नाही. ते रुळवून देण्यापर्यंत पुरावे लागते. कोठे धीर धरायचा आणि कोठे नेमका जोर द्यायचा, हे ज्याला उमगते त्याच्या हातची जुनी गाडी पुढची अनेक वर्षे रस्त्यावर धावते.