विश्लेषण : सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘घरचे गॅरेज’ शक्य आहे का? कोणती अवजारे घ्यावीत, काय टाळावे?

पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिककडे जाणारा महामार्ग माजिवडा नाक्यावर एकत्र येतात. नाक्याच्या चारही बाजूंना पोडियम पार्किंग असलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. इथल्या अनेक कुटुंबांकडे मोटार आहे, पण गॅरेज नाही. आहे तो पट्टे मारून आखलेला आणि क्रमांक टाकलेला एक चौकोन. दुसरीकडे, मोबाइलवर मोटार दुरुस्तीचे व्हिडीओ पाहून अवजारांची पेटी मागवणाऱ्यांची हौस वाढते आहे. हे व्हिडीओ बहुधा परदेशातले असतात. तिथे घराला लागून स्वतंत्र गॅरेज असते, भिंतीला फळ्या असतात, जमिनीवर सपाट काँक्रीट असते. ठाण्यातल्या पार्किंगमध्ये यातले काय जमते, काय जमत नाही आणि कुठे जिवाला धोका आहे, याचा हा आढावा.

‘गॅरेज’ आणि ‘पार्किंग’ यांत फरक काय?

हा फरक कायद्यानेच केलेला आहे. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला. इमारतीखालची स्टिल्टमधील पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असे त्यात स्पष्ट झाले. पुढे २०१६च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्या आली. छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवण्याची प्रकल्पातील जागा म्हणजे गॅरेज. उघडी किंवा न बंदिस्त केलेली पार्किंगची जागा त्यात येत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. सोसायटीने दिलेल्या स्टिल्टमधील किंवा उघड्या जागेत सभासदाला वाहन उभे करण्याचा हक्क मिळतो, जागेची मालकी नाही. त्यामुळे भिंतीला कपाट ठोकणे, जाळी लावून जागा बंद करणे किंवा जमिनीत यंत्र बसवणे हे परस्पर करता येत नाही. अवजारे घरी ठेवायची, कामापुरती खाली आणायची आणि काम झाले की जागा रिकामी करायची. ‘घरचे गॅरेज’ उभारायचे ते याच अटीवर.

जागा नेमकी किती मिळते?

राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीच्या पार्किंगसाठी २.५ मीटर बाय ५ मीटर असे माप आहे. मारुती स्विफ्ट ३.८६ मीटर लांब आणि सुमारे १.७४ मीटर रुंद आहे. म्हणजे मोटार मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना जेमतेम ३८ सेंटीमीटर उरतात. ह्युंदाई क्रेटाची रुंदी १.७९ मीटर, त्यामुळे तिथे ही जागा ३५ सेंटीमीटरवर येते. एवढ्या फटीत चाकाशेजारी उकिडवे बसता येत नाही. त्यात एका बाजूला खांब असला तर तेवढीही जागा मिळत नाही.

मार्ग एकच आहे. मोटार आखलेल्या जागेतच एका कडेला सरकवली की दुसऱ्या बाजूला पाऊण मीटर मोकळे होते आणि तेवढ्यात एका चाकाचे काम होते. शेजारच्या जागेतली मोटार बाहेर गेलेली असेल अशी वेळ निवडली तर कुणाच्या दाराला पाना लागत नाही आणि वादही होत नाही. परदेशी व्हिडीओंत दिसणारी लिफ्ट मात्र विसरावी. दीड मीटर उंचीची मोटार माणसाच्या डोक्यावर उचलायची तर सव्वातीन मीटरहून अधिक उंची लागते. पार्किंगच्या मजल्यावर बहुधा ती नसते. शिवाय वर अग्निशमनाचे पाइप आणि वायरींचे जाळे असते.

सोसायटीला विचारावे लागते का?

स्वतःच्या मोटारीत हवा भरणे, वायपर बदलणे किंवा बॅटरी तपासणे यावर सहसा कुणी हरकत घेत नाही. हातोडीचा आवाज, जमिनीवर सांडलेले ऑइल आणि सामाईक मीटरवरून घेतलेली वीज, या तीन गोष्टींवरून मात्र तक्रारी होतात. म्हणून आधी समितीला लेखी कळवणे शहाणपणाचे. कोणती कामे करणार, किती वेळ लागणार आणि डाग पडल्यास तो कोण साफ करणार, एवढे त्यात असावे. पैसे घेऊन दुसऱ्यांच्या मोटारी दुरुस्त करणे हा व्यवसाय झाला, निवासी पार्किंग त्यासाठी नाही. विजेसाठी वरच्या मजल्यावरून वायर सोडू नये. चार्जिंगचा एलईडी दिवा आणि मोटारीच्याच १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप यांत बहुतेक गरज भागते.

पहिली खरेदी कोणती?

बहुतेक जण सुरुवातीला शंभर-दीडशे नगांची चकचकीत पेटी घेतात. खरे तर पहिला खर्च मोटार सुरक्षित उचलून धरण्यावर व्हायला हवा. डिकीतला कात्रीसारखा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठी असतो. तो मोटार उचलतो, पण तिला भरवशाने धरून ठेवत नाही. हायड्रॉलिक जॅकही सील फुटले की खाली बसतो. म्हणून दोन टनी ट्रॉली जॅक घेतला तर त्याच्याबरोबर जॅक स्टँडची जोडी आणि चाकांना लावायचे ठोकळे घ्यायलाच हवेत. जॅक उचलण्यासाठी आणि स्टँड धरण्यासाठी, ही वाटणी पक्की लक्षात ठेवावी. विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा एकावर एक रचलेल्या लाकडी फळ्या स्टँडऐवजी वापरू नयेत. वीट अचानक फुटते आणि सुटायला वेळ देत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’. विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे. मग कंपनीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावून मोटार उचलायची, स्टँड सरकवायचा, भार स्टँडवर सोडायचा आणि मोटार हाताने हलवून पाहायची.

पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी थोडा उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण ट्रॉली जॅकच्या चाकांना जाणवतो. रॅम्पवर किंवा उतारावरच्या जागेत मोटार उचलूच नये. खाली पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि स्टँडखाली जाड प्लायवूडचे तुकडे ठेवावेत. आणि मोटारीखाली झोपून करायची कामे या जागेत टाळावीत, स्टँड असले तरी. सोसायटीत लहान मुले चेंडूमागे धावत येतात, शेजारी मोटार मागे घेतात. तिथे मोटारीखाली माणूस आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

पेटीत काय असावे?

मोटार पाहून पाने घ्यावेत. मारुतीसारख्या जपानी घडणीच्या मोटारींत १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरचे पाने सर्वाधिक लागतात. युरोपीय घडणीत १३ आणि १६ची भर पडते. चाकाच्या नटांसाठी बहुतेक मारुतींना १९, ह्युंदाईला २१ आणि फोक्सवॅगन-स्कोडाच्या बोल्टना १७ मिलिमीटरचा गोटी पाना लागतो. रॅचेटसह गोटी पान्यांचा एक मध्यम संच, रिंग आणि फिक्स पाने, चांगले दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, रबरी हातोडी, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा एवढ्यात सुरुवात होते.

नग कमी असले तरी चालतील, पोलाद चांगले हवे. हलका पाना बोल्टचे कोपरे घासून गोल करतो आणि मग तो बोल्ट काढायला गॅरेज गाठावे लागते. हात-अवजारे बनवणारी टपारिया ही जुनी कंपनी नाशिकच्या सातपूरची, म्हणजे माजिवड्यातून निघणाऱ्या महामार्गाच्याच वाटेवरची. अवजारे हाताळून घ्यायची असतील तर मुंबईत मशीद बंदर स्थानकाजवळची नागदेवी स्ट्रीट हा जुना बाजार आहे.

टॉर्क पाना चैनीचा वाटतो, पण चाक काढायचे असेल तर तो हवाच. लहान मोटारींत चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. पान्यावर उभे राहून नट आवळणारे बोल्टचे आटे खराब करतात, तर सैल सोडणारे चाकच धोक्यात घालतात.

दुरुस्तीआधी मोजमाप का?

घरच्या गॅरेजचा सर्वाधिक फायदा इथे होतो. टायरचा दाब मोजणारा गेज, डिजिटल मल्टिमीटर आणि ओबीडी स्कॅनर ही तिन्ही उपकरणे मिळून एका चपलेच्या खोक्यात मावतात.

रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२च्या खाली असेल तर ती निम्म्याहून रिकामी आहे. इंजिन सुरू केल्यावर आकडा साधारणपणे १३.५ ते १४.७च्या दरम्यान गेला तर अल्टरनेटर चार्जिंग करतो आहे असे समजावे. आकडा वर गेलाच नाही, तर दोष बॅटरीत नसून दुसरीकडे असू शकतो. दोन मिनिटांच्या या तपासणीने विनाकारण घेतली जाणारी नवी बॅटरी वाचू शकते.

गेल्या दशकभरातील बहुतेक मोटारींत स्टिअरिंगखाली १६ पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्यात ब्लूटूथ स्कॅनर लावला की ‘चेक इंजिन’ दिवा का लागला याचा कोड मोबाइलवर दिसतो. पी ०३०० म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, पी ०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटली. मात्र कोड फक्त शोध कुठून सुरू करायचा हे सांगतो, कोणता भाग बदलायचा हे नाही. कोड पुसून टाकला की दिवा विझतो, बिघाड तसाच राहतो. गॅरेजला जाताना कोड लिहून नेला तर मेकॅनिकशी बोलणे नेमके होते.

कोणती कामे घरी, कोणती गॅरेजमध्ये?

एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, दिवे, फ्यूज, बॅटरी बदलणे, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहणे, टायरची खोली मोजणे ही कामे सोसायटीत आरामात होतात. यातली बरीच कामे मोटार न उचलताच करता येतात. बॅटरी काढताना आधी ऋण टोक, बसवताना ते शेवटी. कूलंटचे झाकण इंजिन गार झाल्याशिवाय उघडू नये.

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनची स्प्रिंग आणि एअरबॅग यांना हात लावू नये. डिझेल मोटारीच्या इंधन पाइपमध्ये हजार बारहून अधिक दाब असतो, तो त्वचा भेदून आत शिरतो. विद्युत मोटारीतील नारिंगी आवरणाच्या वायरींत शेकडो व्होल्ट असतात. तिथे घरगुती अनुभव उपयोगाचा नाही. तळघरात इंजिन चालू ठेवून काम करू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. म्हणून पेट्रोलचा कॅन पार्किंगमध्ये ठेवू नये आणि अग्निशामक हाताशी असावा.

जुने ऑइल आणि बॅटरी टाकायची कुठे?

लहान पेट्रोल मोटारीतून एका वेळी साधारण तीन ते साडेचार लिटर काळे ऑइल निघते. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. पार्किंगच्या जाळीत ओतलेले ऑइल पावसाळी गटारातून खाडीकडे जाते आणि ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. ऑइल बदलण्यासाठी मोटारीखाली जावे लागते, ते सांडते आणि नंतर त्याची विल्हेवाटही लावावी लागते. त्यामुळे हे काम गॅरेजमध्येच करून घेणे सोयीचे. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळी देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे देता येते, त्याबदल्यात किमतीत सूटही मिळते.

वॉरंटीचे काय?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळावीत आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असे त्या आदेशात म्हटले होते. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. चुकीच्या दुरुस्तीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मात्र वॉरंटीतून मागता येत नाही. म्हणून वॉरंटीच्या काळात तपासणीपुरते थांबणे आणि प्रत्येक पावती जपणे बरे. मोटारीत मनमानी बदल करणे ही आणखी वेगळी बाब. मोटार वाहन कायद्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

खरेदीचा क्रम कसा असावा?

पहिल्या महिन्यात प्रेशर गेज, मल्टिमीटर, दिवा आणि हवेचा पंप. त्यानंतर ओबीडी स्कॅनर आणि पान्यांचा मध्यम संच. चाक स्वतः काढायचेच असेल तर ट्रॉली जॅक, स्टँडची जोडी, ठोकळे आणि टॉर्क पाना एकदमच घ्यावेत, यातले एकही सुटे घेऊ नये. सगळे सामान दोन पेट्यांत मावावे आणि लिफ्टने एका फेरीत खाली यावे. तेवढ्यात जे काम होत नाही, ते नेहमीच्या मेकॅनिककडे सोपवावे.